वाचक विचारतात : पाकटाचा काटा आणि इतर डंख

मागच्या अंकात मी किनाऱ्यावरच्या खेकड्यांविषयी लिहिलं होतं. टपालात खेकडा राहिला बाजूला, पत्रं आली ती सगळी डंखांची. नावं छापू नका असं काहींनी कळवलंय, म्हणून सगळ्यांचीच गाळली आहेत. लांबलेल्या पत्रांतला प्रश्न तेवढा ठेवला.

मे महिन्यात आम्ही आंजर्ल्याला गेलो होतो. गुडघाभर पाण्यात चालताना भाच्याच्या घोट्यात पाकटाचा (चपट्या 'स्टिंगरे' माशाचा) काटा घुसला. पोरगा वाळूत गडबडा लोळत होता. कुणी हळद भरा म्हणे, कुणी चुना लावा. जवळच्या दवाखान्यात बर्फ लावून गोळी दिली, तरी फरक नाही. शेवटी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींनी चुलीवरच्या कढत पाण्यात विसण घालून पाय बुडवायला लावला आणि थोड्या वेळाने पोरगा माणसात आला. हा योगायोग की खरंच औषध? — एक वाचक, सातारा

आजींना माझा नमस्कार सांगा. यात योगायोग काही नाही. पाकटाच्या डंखावर गरम पाणी हाच पहिला उपचार आहे आणि डॉक्टरांच्या पुस्तकांतही तो तसाच दिलेला असतो.

आधी काटा बघू. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे तेव्हा प्रात्यक्षिकाच्या टेबलावर काचेच्या नळीत एक काटा ठेवलेला असे, बोटाएवढा लांब. तो शेपटीच्या टोकाला असणार असं मुलं धरून चालत. प्रत्यक्षात तो असतो शेपटीच्या वरच्या अंगाला, टोकापासून बराच अलीकडे. तो हाडाचाही नाही, कारण पाकटाला हाडं नसतातच, सगळा सांगाडा कूर्चेचा. काटा म्हणजे मुळात कातडीवरचा एक खवला, वाढून लांब आणि टोकदार झालेला; त्याची घडण आपल्या दातांच्या जवळची. भिंगाखाली धरला की दोन्ही कडांना बारीक दाते दिसतात, सगळे मागे वळलेले. त्यामुळे आत जाताना तो सरळ जातो आणि निघताना मांस फाडत निघतो. पालथा केला की खालच्या अंगाला दोन उभ्या पन्हळी दिसतात. ताज्या काट्यात त्या पन्हळींमध्ये करड्या, मऊसर पेशी भरलेल्या असतात आणि काट्यावर कातडीचं पातळ आवरण असतं. विष आहे ते त्या पेशींत. नागाला असते तशी विषाची पिशवी आणि नळी इथे नाही. काटा घुसला की आवरण फाटतं, पेशी चिरडल्या जातात आणि विष जखमेत मिसळतं. पुष्कळदा आवरणाच्या चिंध्या किंवा काट्याचं टोक आतच राहतं. काटा मोडल्याने पाकटाचं फारसं बिघडत नाही, त्या जागी दुसरा येतो. काहींच्या शेपटीवर जुना आणि नवा असे दोन काटे एकदम दिसतात.

या विषात मुख्यतः प्रथिनं असतात आणि ती उष्णतेला टिकत नाहीत. शिवाय नुसत्या उष्णतेनेही दुखण्याची जाणीव दबते, तोही भाग त्यात असावा असं काही संशोधक मानतात. कारण कुठलंही धरा, गुण येतो. कॅलिफोर्नियात सील बीच नावाचा किनारा आहे. तिथे नदीच्या मुखाशी वीज केंद्रांचं कोमट पाणी येतं म्हणून पाकटं गर्दी करतात. तिथले जीवरक्षक गरम पाण्याची सोय हाताशी ठेवूनच बसतात. आमच्याकडे मालवणला रापणकरांच्या, म्हणजे काठावरून मोठं जाळं ओढणाऱ्या कोळ्यांच्या, घरी काटा लागला की चर्चा होत नसे, चुलीवर पाणी चढे.

पाणी किती गरम असावं? ४५ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे सोसवेल इतकं आणि त्याहून जास्त नाही. दुखऱ्या पायाला विचारून हे ठरवू नका. त्याला आधीच इतकी आग लागलेली असते की पाणी पोळतंय हे कळत नाही आणि काट्याच्या जखमेवर भाजल्याची जखम होते. दुसरा पाय घालून किंवा मोठ्या माणसाने कोपर बुडवून अंदाज घ्यावा. अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत पाय पाण्यात ठेवावा लागतो. पाणी निवलं की पाय बाहेर काढून मगच वरचं गरम पाणी घालायचं. बर्फाने या विषाला काही होत नाही, तुम्ही अनुभव घेतलाच आहे. हळद-चुना जखमेत भरला तर डॉक्टरला आधी तो धुवावा लागतो.

आता तुमच्या पत्रात जे नाही ते विचारते. नंतर एक्स-रे काढला का? धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का? दुखणं उतरलं की लोक परत भेळ खायला जातात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पाय सुजवून येतात. आत राहिलेला तुकडा एक्स-रेवर बहुधा दिसतो. समुद्राच्या पाण्यातले जंतू जखमेत गेले तर फार चिघळते, मधुमेह किंवा यकृताचं दुखणं असलेल्या माणसाची तर विशेषच. जखम नीट धुऊन, साफ करून घ्यायलाच हवी.

आणि काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर गरम पाणी विसरा. तो उपसूही नका. आहे तसा धरून ठेवून इस्पितळ गाठा. वन्यप्राण्यांवर टीव्ही कार्यक्रम करणारे ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह अर्विन ४ सप्टेंबर २००६ला क्वीन्सलँडजवळच्या बॅट रीफवर चित्रीकरण करताना गेले. तिथे काटा छातीत हृदयापर्यंत गेला होता. विषापेक्षा ती भोसकल्याची जखम जिवावर बेतली.

२०१३ साली दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर कितीतरी जणांना पाकटांनी डंख मारले. तेव्हापासून आई आम्हाला पाण्यात उतरू देत नाही. पाकटं अशी मुद्दाम हल्ला करतात का? — एक वाचक, गिरगाव

नाही. पाकट वाळूत बसलेलं असतं. पंख हलवून अंगावर वाळू ओढून घेतं. वर राहतात ते फक्त डोळे आणि डोळ्यांमागची दोन भोकं. तोंड खालच्या बाजूला, वाळूत, म्हणून श्वासाचं पाणी ते त्या भोकांतून आत घेतं. खेकडे, कालवं, कोळंबी हे त्याचं खाणं, आणि त्यासाठी काट्याचा काही उपयोग नाही. माणसाच्या वाट्याला जाण्याचंही त्याला कारण नाही. तुम्ही पाठीवर पाय दिलात की ते खाली दाबलं जातं, सुटता येत नाही, आणि शेपूट वर उसळून पुढे येते. म्हणूनच बहुतेक डंख पाऊल, घोटा आणि पोटरीलाच असतात.

भाद्रपदात गिरगावचं पाणी गढूळ, पायाखालचं दिसत नाही, उथळ पाण्यात पाकटं चरायला आलेली, आणि त्याच पट्ट्यात एका संध्याकाळी हजारो पावलं उतरतात. डंख झाले नसते तरच नवल. हल्ली विसर्जनाच्या आधी मत्स्यव्यवसाय खातं आणि महापालिका याबद्दल सूचना काढतात, गमबूट घाला म्हणतात. बुटाने थोडं संरक्षण होतं, पण जोरात बसलेला काटा रबर भेदू शकतो.

त्याहून चांगली युक्ती फुकट आहे. रापण ओढायला आम्ही पोरं पाण्यात उतरलो की बाबा काठावरून ओरडायचे, "पाय उचलू नको गो, घासत घासत ये!" पाऊल वाळूतून सरपटत नेलं की पाकटाला धक्का बाजूने लागतो, वरून पाय पडत नाही. ते उठतं आणि निघून जातं. अमेरिकेतल्या किनाऱ्यांवर हीच सूचना पाट्यांवर लिहिलेली असते. आईला सांगा, मूर्ती नेताना पावलं उचलून टाकू नका एवढं पाळलं तरी पुष्कळ.

पाकट पिल्लांना जन्म देतं असं सरांनी सांगितलं. मग पोटात पिल्लाचा काटा आईला टोचत नाही का? आणि पाकटाला कोण खातं? — इयत्ता सातवी, देवगड

पहिला प्रश्न मला फार आवडला. पिल्लाला जन्मतः काटा असतो, पण तो मऊ आणि आवरणात गुंडाळलेला असतो. बाहेर आल्यावर तो कडक होतो. पोटात पिल्लं आधी अंड्यातला बलक संपवतात आणि मग आईच्या गर्भाशयातून पाझरणारा दुधासारखा पौष्टिक द्रव पितात. एका वेळी थोडीच पिल्लं होतात. म्हणून पाकटं फार पकडली तर त्यांची संख्या लवकर भरून येत नाही. बांगडा लाखोंनी अंडी घालतो, त्याचं गणित वेगळं.

दुसऱ्याचं उत्तर : मुशी, म्हणजे शार्क. त्यातही हातोडीसारख्या डोक्याच्या मोठ्या मुशीला पाकट विशेष प्रिय. ती आपल्या रुंद डोक्याने पाकटाला तळाशी दाबून धरते आणि पंखाचा लचका तोडते, म्हणजे त्याला पळता येत नाही. अशा एका मुशीच्या जबड्यात आणि तोंडात पाकटांचे ९६ काटे रुतलेले सापडल्याची नोंद आहे. तरीही ती खातच होती. काट्याने सगळेच शत्रू घाबरतात असं समजू नकोस.

माझं माहेर अमरावतीचं, सासर रत्नागिरीचं. सासूबाई पावसाळ्यात सुक्या पाकटाचं कालवण करतात. विषारी मासा खायचा कसा? आणि त्याला तो नाकात जाणारा वास का येतो? — एक वाचक, रत्नागिरी

निर्धास्त खा. विष फक्त काट्यावरच्या पेशींत आहे, मांसात नाही. शिवाय पाकट जाळ्यातून निघालं की पहिला कोयता शेपटीवरच पडतो, त्यामुळे काटा घरापर्यंत येतच नाही.

वास अमोनियाचा. मुशी आणि पाकटं समुद्राच्या खारटपणाशी तोल राखायला अंगात युरिया साठवतात. मासा मेला की जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. सुक्या पाकटाला थोडा वास असायचाच. सासूबाई ते गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देत असतील, बघा. पण ओल्या पाकटाला भपकन वास आला तर तो शिळा, घेऊ नका.

तुम्ही स्वयंपाकघरात खरी भीती बाळगायची ती शिंगाळा माशाची. त्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक असे तीन दातेरी काटे असतात. ते उभे करून तो सांध्यात अडकवतो, मग दाबून खाली बसत नाहीत. त्यांच्यावरही विषाच्या पेशी असतात आणि मासा मेल्यावरही काटा तितकाच झोंबतो. कोळणीकडून काटे तोडूनच घ्या. बोटाला लागलाच तर उपचार वर दिलेला आहे, तोच.

शाळेत शिकलो की मुंगी आणि मधमाशीच्या डंखात फॉर्मिक आम्ल असतं, म्हणून खाण्याचा सोडा लावावा. घरी आजोबा लोखंडाची किल्ली चोळायचे. दोन्हींपैकी खरं काय? — एक वाचक, नाशिक

दोन्हींनी फार काही होत नाही. किल्ली गार लागते म्हणून क्षणभर बरं वाटतं, इतकंच. सोड्याची गोष्ट पाठ्यपुस्तकांत इतकी मुरली आहे की आता तिला हलवणं कठीण. मधमाशीच्या विषात फॉर्मिक आम्लाला महत्त्व नाही. त्यातला मोठा वाटा मेलिटिन नावाच्या पेप्टाइडचा, जे पेशींची आवरणं फोडतं. त्याच्या जोडीला फॉस्फोलिपेज हे विकर (एन्झाइम). ते सुईने कातडीखाली सोडलेलं असतं, वर फासलेला सोडा तिथे पोचतच नाही.

फॉर्मिक आम्ल खरोखर वापरते ती आंब्यावरची ओंबील मुंगी. ती डंख मारतच नाही. जबड्याने चावते आणि पोट वळवून त्या चाव्यावर आम्ल फवारते. आंबे काढायला चढलेल्या कुणालाही विचारा. ती जागा साध्या पाण्याने धुतली तरी पुरे.

मधमाशीची नांगी काटेरी असते आणि आपल्या कातडीत अडकते. माशी उडते तेव्हा नांगी, विषाची पिशवी आणि तिचे स्नायू मागे राहतात, आणि ते स्नायू माशी गेल्यावरही विष आत ढकलत राहतात. म्हणून नांगी ताबडतोब काढायची. चिमटीत धरू नये, नखाने खरवडून काढावी असं आपण ऐकत आलो. १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात काही संशोधकांनी हे स्वतःच्या हातांवर तपासून छापलं : पद्धत कुठलीही चालते, उशीर मात्र चालत नाही. काही सेकंदांच्या उशिरानेही गांध मोठी येते. तेव्हा खरवडायला बँकेचं कार्ड शोधत बसू नका. गांधीलमाशीची नांगी अडकत नाही, ती पुन्हा पुन्हा मारते.

मागे राहिलेल्या नांगीतून पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो. तो बाकीच्या माश्यांना इशारा असतो. लेण्यांत, गडांवर, धबधब्याच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. तिथे एक डंख झाला की माशी मारत, हात झटकत उभं राहू नये. तोंड झाकून दूर पळावं, शक्य असेल तर बंद जागेत शिरावं. अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर ती अॅलर्जी आहे. तिथे अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि मिनिटं मोजून लागतं. एकच डंख का असेना, अशा वेळी घरचे उपाय करत बसू नका.

ट्रेकला एका झाडाच्या पानांना पोटरी घासली आणि विजेचा झटका बसावा तसं झालं. गाववाले आग्या म्हणाले. ही खाजकुइलीच का? — एक वाचक, पुणे

नव्हे, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आणि दोघींचं तंत्र इतकं वेगळं आहे की मला दोन्हींवर लिहायचंच होतं.

आग्या म्हणजे मोठी खाजोटी, सह्याद्रीत आणि हिमालयात ओलसर सावलीत वाढणारी. तिच्या पानांवर, देठांवर ताठ पांढरे केस असतात. एक केस म्हणजे एक लांब पेशी, बुडाशी फुगीर. टोकाला सिलिकाची, म्हणजे काचेच्याच जातीची, इवलीशी गाठ. नुसता स्पर्श झाला की गाठ तिरपी मोडते, मागे पोकळ सुई उरते, ती कातडीत शिरते आणि बुडाचा फुगवटा दाबला जाऊन रस आत जातो. याच कुळातल्या युरोपीय वनस्पतीच्या केसांत असिटिलकोलिन आणि हिस्टामिन असल्याचं १९४७ साली दाखवलं गेलं. आपल्या नसा आणि पेशी निरोप द्यायला जी रसायनं वापरतात, तीच झाडाने बाटलीत भरून ठेवलीत. ही आग काही तासांत उतरते. चोळू नका, धुवा, चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे राहिलेले केस निघतात.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या जंगलात हिची एक चुलत बहीण आहे, जिम्पी-जिम्पी. तिचा चटका आठवडे, कधी महिने छळतो. २०२०मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्या केसांतून जी प्रथिनं वेगळी केली, त्यांची रचना कोळ्यांच्या आणि शंकूच्या आकाराच्या विषारी समुद्री गोगलगायींच्या विषाशी जुळणारी निघाली. झाड, कोळी, गोगलगाय, तिघं वेगवेगळ्या वाटांनी एकाच नसेपाशी पोचले. मला हे विलक्षण वाटतं.

खाजकुइली ही वाल-पावट्यांच्या कुळातली वेल. तिची पानं निरुपद्रवी असतात. खाज असते शेंगेवरच्या सोनेरी लवेत. शेंगा वाळल्या की ती लव वाऱ्यानेही उडते आणि झाडाला हात न लावता माणूस अंग ओरबाडत सुटतो. इथे मोडणारी सुई नाही. आडव्या-तिडव्या टोचणाऱ्या लवेत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं. ते नसांना हिस्टामिनच्या मार्गाने डिवचत नाही, म्हणून नेहमीची अॅलर्जीची गोळी घेऊनही खाज तशीच राहते. लव उकडली की विकर मरतं आणि खाज सुटत नाही. प्रयोगशाळेत अशी उकडलेली लव खाजेच्या प्रयोगांत वापरतात. याच शेंगेतल्या बियांत लेव्होडोपा असतं, जे कंपवातावर देतात. आयुर्वेदातली कपिकच्छू ती हीच. मात्र बिया आणून घरी काढा करत बसू नका, मात्रा चुकते.

आता पुन्हा आग्याकडे. गढवाल-कुमाऊँत तिच्या जातभाईंची पानं उकडून चवीने खातात. कंडाली, सिसूण ही तिथली नावं. शिजवलं की केस मऊ पडतात. नेपाळात मोठ्या खाजोटीच्या सालीचा धागा काढून कापड विणतात. आणि आपल्याकडे रेड अॅडमिरल फुलपाखरू तिच्याच पानांवर अंडी घालतं. अळी पान दुमडून आत आरामात राहते, तिला या सुया लागत नाहीत. केस आहेत ते गुराढोरांसाठी, आणि वाटेत आलेल्या ट्रेकरसाठी.

जुहूला पावसाळ्यात निळे फुगे येतात त्यांच्या डंखावर लघवी करावी हे खरं का? — एक वाचक, विलेपार्ले

नाही. समुद्राच्या पाण्याने धुवा, दोरा चिकटला असेल तर चिमट्याने किंवा कापडाने अलगद उचला, चोळू नका, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं धरा.

हा निळा फुगा म्हणजे ब्लू बॉटल. तो एक प्राणी नाही, अनेक जीवांची वसाहत आहे. त्याला पोहता येत नाही. नैऋत्येचा वारा जिकडे ढकलेल तिकडे जातो, म्हणून जून ते सप्टेंबर तो मुंबईच्या किनाऱ्याला लागतो. त्याच्या दोऱ्यांवर हजारो सूक्ष्म कोश असतात आणि प्रत्येकात गुंडाळलेली पोकळ नळी. स्पर्श झाला की ती बाहेर फेकली जाते. याच गटातल्या हायड्रावर केलेल्या मोजणीत ही फेक सुमारे ७०० नॅनोसेकंदांत होते असं दिसलं. सजीवांमधल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ती एक. कोशाला मेंदूची आज्ञा लागत नाही, त्यामुळे वाळूत मरून पडलेला निळा फुगाही चटका देतो. मुलं तो फोडायला पायाखाली घेतात, तेवढं आवरा.

पाकटाला गरम पाणी, मग विंचवालाही चालेल का? आमच्या भागात लाल विंचू फार. — एक वाचक, महाड

नाही. महाडहून हा प्रश्न यावा याचं मला जरा हसू आलं, कारण त्याचं उत्तर तुमच्याच गावात शोधलं गेलं.

कोकणातल्या लाल विंचवाचं विष जखमेपाशी थांबत नाही, रक्तात जातं. नसांच्या टोकांवरचे सोडियमचे मार्ग ते उघडे ठेवतं आणि शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हात-पाय, मुलग्यांत लिंग ताठरणं, ही त्याची लक्षणं. पुढे रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. फसवणूक अशी की ज्याला जागेवर फार दुखत नाही आणि हात-पाय मात्र गार पडतात, तोच जास्त धोक्यात असतो. पाय गरम पाण्यात घालून बसलं तर हाताशी असलेला वेळ जातो.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळ सरकारी आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेली मुलं त्यांच्यासमोर मरत होती आणि करण्यासारखं हाताशी काही नव्हतं. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या; १९८२ साली त्यांचं लेखन 'लॅन्सेट'मध्ये आलं. मग रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरलं आणि ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या घरात आलं. २०११मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणखी दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर सावरतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी साधी, स्वस्त, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायची. तिने रक्तदाब उतरतो, म्हणून रुग्णाला झोपवूनच ठेवतात.

तेव्हा विंचू चावला तर मांत्रिक नको, आवळून दोरी बांधणं नको, चिरा देणं नको. माणसाला आडवं ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, आणि मूल असेल तर घाम यायची वाटही पाहू नका. विंचू शोधायला घर उकरू नका. समोर दिसत असला तर लांबून मोबाइलवर फोटो काढा. पावसाच्या आधी चिऱ्यांचे आणि लाकडांचे ढीग हलवताना हातमोजे घाला, बूट झटकून पायात घाला, आणि लहान मुलांचं अंथरूण जमिनीवर घालत असाल तर भिंतीपासून हातभर लांब घाला.